चौदा तास

सेंट जॉन्सला मार्चमध्ये धुकं बंदरातून वर चढतं,
चौथ्या मजल्याला ते सर्वांत शेवटी कळतं.
मी तिथे खिडकीपाशी बसते, गेलेल्यांच्या फायली घेऊन.
वीस वर्षं अतिदक्षतेत नर्स होते. आता मोजणारी.

तक्ता सोपा आहे.
वेदना दर चार तासांनी विचारली का.
घरच्यांशी बैठक तीन दिवसांच्या आत झाली का.
माणसाला स्वतःला काय हवं होतं, ते कुठे लिहिलेलं होतं का.
नळी काढायचं ठरल्यापासून नळी निघेपर्यंत किती वेळ गेला.
हिरवं, पिवळं, लाल.
खाली माझी सही: लॉरेटा पार्डी.

खाट चार. सगळं हिरवं.
बाई एक्याऐंशीच्या. बैठक झाली,
पुतण्याशी, फोनवर, सहा मिनिटं.
वेदना शून्य, शून्य, शून्य.
पहाटे चार दहा.
त्या वेळी खोलीत कोण होतं, असा रकाना नाही.
शंभरपैकी शंभर.

खाट नऊ. लाल.
अँब्रोज टिझर्ड, वय चौऱ्याहत्तर,
कॉड होता तोवर मासेमार, कॉड संपल्यावर शाळेचा रखवालदार.
ठरलं: मंगळवारी संध्याकाळी सहा.
नळी काढली: बुधवारी सकाळी आठ.
विलंब चौदा तास. कारण: नोंद नाही.

सहा आठवड्यांनी घरी फोन करायचा असतो.
आधी केला तर दुःख ओलं असतं,
उशीर केला तर आठवण वाळून तिची गोष्ट होते.

एफी टिझर्डनं सातव्या रिंगला उचलला.
मी वाचून दाखवलं: शून्य म्हणजे अतिशय वाईट, आणि दहा म्हणजे
"दहा म्हणजे काय गं बाय?"
मी कागद उलटून पाहिला. मागे कोरा होता.
"दहा म्हणजे तो घरी, शेगडीपाशी, पायात बूट तसेच.
ते तुझ्याकडं नाही ना? मग नवापासून धर.

तो तरणा डॉक्टर उभ्याउभ्या बोलला, दाराला पाठ टेकून. एक काढ.
पहिले चार दिवस हात बांधलेले, मऊ पट्ट्यांनी,
म्हणे नळी उपसेल. त्याचा एक.
नाही, दीड काढ.
मग ती रात्रपाळीची पोर आली, मारिविक. तिनं पट्ट्या सोडल्या,
खुर्ची ओढून बसली, आणि सुती दोरा दिला त्याच्या हातात.
शुद्ध कुठली! पण बोटं जाळं सांधत होती.
गाठ, ओढ, गाठ.
तो दीड परत घाल."

मी खोडलं. पुन्हा लिहिलं.
मग जे यादीत नव्हतं ते विचारलं: चौदा तास?

"जेराल्ड अल्बर्टाला, तेलावर. विमान धुक्यात उतरेना, गँडरला नेलं.
तिथून रात्रभर कुणाच्या तरी ट्रकमधून, बर्फात.
मारिविक येऊन सांगायची, आता क्लॅरनव्हिल सोडलं, आता व्हिटबर्न.
पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मशीनला कसली घाई.
आठाला पाच कमी असताना तो आला,
थेट खाटेपाशी, बुटांसकट.
बुटांसकट, ऐकलंस?"

ऐकलं.
माझा आजा धक्क्यावर खारवलेले मासे पारखायचा.
बोटांनी, न बघता: उत्तम, मध्यम, हलका.
कोळी त्याच्या तोंडावर टोपी काढायचे
आणि पाठीमागं म्हणायचे, व्यापाऱ्याचा माणूस, मापात पाप असणारच.
तो रात्री हात मिठात पोळल्यागत धरून बसायचा.

कारणाच्या ओळीत मी लिहिलं: मुलगा रस्त्यात होता.
संगणक म्हणाला, यादीतून निवडा.
यादीत रस्ता नव्हता.
खाट नऊ लालच राहिली. एफीचे आठ मी वहीत लिहून घेतले.

धुकं आता काचेला टेकलं आहे.
खाट चारची फाईल पुन्हा काढली. तिथे फोन करणं बंधनकारक नाही,
गुण पूर्ण असले की करत नाहीत.
पुतण्याचा नंबर आहे.
सातव्या रिंगपर्यंत थांबते.
आठव्या.